वाहिनी उघडली, पण माणूस वाचला का? मेंदूतली गुठळी ओढून काढण्याचा इतिहास

थ्रेड

१/२३
फेब्रुवारी २०१३. हवाई बेटांवरील होनोलुलू शहरात पक्षाघातविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी उपकरणाने ओढून काढण्याची पद्धत तोवर आठ-नऊ वर्षे वापरात होती आणि तिच्याविषयी मोठ्या आशा बाळगल्या जात होत्या. त्याच सुमारास तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकदम प्रसिद्ध झाले. तिन्हींचा सूर एकच होता : या उपचाराचा रुग्णांना अधिक लाभ झाल्याचे दिसत नाही. अवघ्या वीस महिन्यांनंतर मात्र नेमका उलटा निकाल हाती आला. ही उलथापालथ कशी घडली, त्याचा हा इतिहास.

२/२३
आधी शब्दाविषयी. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘पक्षाघात’ येतो. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. ग्रीकांचा ‘अपोप्लेक्सिया’ हा शब्दही आघाताने कोसळण्याचाच अर्थ सांगतो. दोन्ही परंपरांनी माणूस पडताना पाहिला, त्याचे तोंड वाकडे झालेले पाहिले, वाचा गेलेली पाहिली; पण कवटीच्या आत काय घडते, हे कोणालाच दिसत नव्हते. कारण ठाऊक नसलेल्या रोगावर नेमका उपचार सुचणार तरी कसा?

३/२३
स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी सतराव्या शतकात अशा रुग्णांची शवविच्छेदने केली आणि १६५८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काही मेंदूंमध्ये त्यांना रक्तस्राव आढळला, तर काही ठिकाणी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याच अडलेल्या दिसल्या. कुठे वाहिनी फुटते, तर कुठे ती तुंबते, हा भेद तेथून पुढे वैद्यकाच्या ध्यानात येऊ लागला. आज बहुसंख्य रुग्णांत दुसरा प्रकार, म्हणजे तुंबलेली वाहिनी, आढळतो. हा थ्रेड त्याच प्रकाराचा आहे.

४/२३
१६६४ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे वर्तुळ वर्णिले. त्या ग्रंथासाठी चित्रे काढणाऱ्यांत पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारे वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन हेही होते. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेने थोडेफार रक्त पोहोचू शकते, ही जाणीव या वर्तुळातून आली. १८४० च्या दशकात जर्मनीच्या रुडोल्फ फिर्खो यांनी दाखवून दिले की, एके ठिकाणी तयार झालेली गुठळी सुटून रक्ताबरोबर दूरवर जाऊन अडकू शकते. हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूत संकट आणते ती अशी.

५/२३
शत्रू कळला, पण तो जिवंत माणसात पाहायचा कसा? १९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगाश मोनिश यांनी मानेच्या धमनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून मेंदूतील वाहिन्यांचे चित्र टिपले. पुढे त्यांना नोबेल मिळाले ते मात्र वेगळ्याच आणि आज वादग्रस्त ठरलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. १९२९ मध्ये जर्मनीचे तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. शरीर न चिरता वाहिन्यांमधून आत शिरता येते, हे या धाडसाने सिद्ध झाले.

६/२३
नळीने गुठळी काढण्याची कल्पना प्रथम पायाच्या धमन्यांत फळाला आली. अमेरिकी शल्यविशारद टॉमस फोगार्टी यांनी नळीच्या टोकाला शस्त्रक्रियेच्या हातमोज्याचे बोट बांधून चिमुकला फुगा तयार केला. बांधण्यासाठी मासेमारीच्या छंदातून शिकलेल्या गाठी त्यांच्या कामी आल्या. मिटलेला फुगा गुठळीपलीकडे न्यायचा, फुगवायचा आणि मागे ओढायचा. त्याच्यापुढे गुठळी बाहेर येते. १९६३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि पुष्कळांचे पाय कापले जाण्यापासून वाचू लागले.

७/२३
मग हाच फुगा मेंदूत का नेला नाही? कारण मेंदूच्या धमन्या निराळ्या असतात. त्यांच्या भिंती पातळ, भोवती आधार देणारे स्नायू नाहीत, वाट नागमोडी आणि मुख्य शाखेचीही रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर. पायाच्या धमनीला सोसणारा ताण येथे वाहिनी फाडू शकतो. १९५० च्या दशकात काही शल्यविशारदांनी कवटी उघडून गुठळी काढण्याचे प्रयत्न केले. पण तेथवर पोहोचण्यातच मोलाचा वेळ निघून जाई.

८/२३
वेळ इतका मोलाचा का, याचे उत्तर ग्रहणाच्या भाषेत मिळाले. ग्रहणात गडद छायेभोवती फिकट उपच्छाया असते. येन्स आस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूसाठी हाच शब्द घेतला : पेनम्ब्रा. १९८१ मध्ये ही कल्पना स्पष्टपणे मांडली गेली. वाहिनी तुंबताच मधला भाग लवकर मरतो. पण त्याभोवतीच्या पेशी आजूबाजूच्या वाटांनी येणाऱ्या अपुऱ्या रक्तावर काही काळ तग धरतात. त्या निकामी असतात, मृत नसतात. सारा उपचार या उपच्छायेसाठी असतो. ती दर मिनिटाला आक्रसत जाते.

९/२३
२००६ मध्ये अमेरिकी मज्जातंतुतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी या आक्रसण्याचा हिशेब मांडला. मोठी धमनी तुंबल्यास उपचाराविना सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. त्याआधी १९७१ मध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले होते. त्यामुळे झटका रक्तस्रावाचा की तुंबलेल्या वाहिनीचा, हे काही मिनिटांत ओळखता येऊ लागले. दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध असल्याने या शोधावाचून पुढची वाट अशक्य होती.

१०/२३
पहिले यश औषधाला मिळाले. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुठळी विरघळवणारे टीपीए हे औषध पहिल्या तीन तासांत शिरेतून दिल्यास तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेल्या वा नाममात्र असलेल्या रुग्णांची संख्या वाढत होती. मात्र मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचे प्रमाण ०.६ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर गेले. गुठळी सोडवणारा प्रत्येक उपचार रक्तस्रावाची शक्यता बरोबर घेऊन येतो, हा धडा तेव्हाच मिळाला. १९९६ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

११/२३
तरीही एक अडचण उरली. मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली लांबलचक गुठळी शिरेतून दिलेल्या औषधाला सहसा दाद देत नाही. आणि अशाच रुग्णांचे हाल सर्वांत वाईट होतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या चाचणीत औषध नळीने थेट गुठळीपाशी सोडण्यात आले. स्वावलंबी झालेले रुग्ण २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. पण रक्तस्रावही २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. अमेरिकी औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली नाही. औषधाऐवजी गुठळीच ओढून काढली तर?

१२/२३
ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेत ‘मर्सी’ नावाच्या उपकरणाला परवानगी मिळाली. बाटलीचे बूच काढण्याच्या मळसूत्रासारखी ही तार. जांघेतील धमनीतून नळी वर मेंदूपर्यंत न्यायची, तार गुठळीत गुंतवायची आणि सारे मागे ओढायचे. १५१ रुग्णांच्या अभ्यासात ४६ टक्क्यांच्या वाहिन्या उघडल्या. ज्यांची वाहिनी उघडली त्यांच्यापैकी ४६ टक्के, आणि उघडली नाही त्यांच्यापैकी अवघे १० टक्के रुग्ण चांगले सावरले. आकडे बोलके वाटत होते.

१३/२३
पण या अभ्यासात समांतर तुलनेचा गटच नव्हता. ज्यांची वाहिनी उघडते त्यांचा आजार मुळात सौम्य असू शकतो. मग यश उपकरणाचे की नशिबाचे? परवानगीही ‘हे उपकरण गुठळी काढू शकते’ एवढ्यापुरतीच होती. ‘याने रुग्णाचे भले होते’ हे सिद्ध करण्याची अट नव्हती. उलट ७.१ टक्के रुग्णांत प्रक्रियेमुळे गंभीर गुंतागुंत आणि ७.८ टक्क्यांत मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव झाल्याची नोंद होती. काही मज्जातंतुतज्ज्ञांनी २००५ मध्येच यावर जाहीर आक्षेप घेतला.

१४/२३
तोपर्यंत उपकरणांची शर्यत सुरू झाली होती. गुठळी शोषून घेणारी नळी आली. तिच्या मुख्य अभ्यासात ८० टक्क्यांहून अधिक वाहिन्या उघडल्या, पण तीन महिन्यांनी स्वावलंबी होते फक्त २५ टक्के रुग्ण. वाहिनी उघडणे आणि माणूस सावरणे यांतील दरी इतकी उघड कधीच दिसली नव्हती. तरी अनेक ठिकाणी उपचार चाचणीबाहेरच सर्रास होऊ लागले. जे गुणकारी आहे असे आधीच मानले, ते निम्म्या रुग्णांना नाकारणाऱ्या चाचणीत रुग्ण पाठवायला डॉक्टर कचरत होते.

१५/२३
२००८ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्टमध्ये एक महत्त्वाचा बदल घडला. धमनीवरील फुगवट्याच्या उपचारासाठी बनवलेली जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, तेथील डॉक्टरांनी गुठळी पकडण्यासाठी वापरली. जाळी गुठळीत उघडते, तिच्या वेटोळ्यांत गुठळी रुतते आणि जाळीसकट ती बाहेर ओढता येते. २०१२ मध्ये ‘मर्सी’शी थेट तुलना झाली : नव्या जाळीने ६१ टक्के वाहिन्या उघडल्या, जुन्या मळसूत्राने २४ टक्के. उपकरण बदलले, पण चालू असलेल्या मोठ्या चाचण्या जुन्या हत्यारांनिशीच अखेरीस आल्या होत्या.

१६/२३
आणि मग होनोलुलू. पहिल्या चाचणीत ९०० रुग्णांची योजना होती. ६५६ वरच ती थांबवावी लागली, कारण स्वावलंबनाचे प्रमाण ४०.८ विरुद्ध ३८.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. इटलीतील ३६२ रुग्णांच्या चाचणीत तर अपंगत्वाविना जगलेले ३०.४ टक्के नळीच्या गटात आणि ३४.८ टक्के नुसत्या औषधाच्या गटात होते. ११८ रुग्णांच्या तिसऱ्या चाचणीतही फरक दिसला नाही. हा मार्ग येथेच संपला, असे मानायला पुरेसा आधार होता.

१७/२३
परंतु अपयशाचे बारकाईने वाचन झाले. पहिली दोन चाचण्यांत मोठी धमनी खरोखर तुंबली आहे का, हे प्रत्येक रुग्णात चित्र काढून पाहण्याची सक्ती नव्हती. काढायला गुठळीच नसलेल्या माणसाला नळीचा धोका तेवढा पत्करावा लागे. उपकरणे बहुतांशी जुनी होती. नळी घालण्यापूर्वीच फार वेळ जात होता. मुळातली कल्पना चुकली नव्हती. रुग्णाची निवड, हत्यार आणि वेळ या तिन्हींत चूक होती. हे म्हणणे खरे की पराभवानंतरची सबब, हे मात्र नव्या चाचणीनेच ठरणार होते.

१८/२३
ती चाचणी नेदरलँड्समध्ये २०१० पासूनच सुरू होती. तेथे एक दूरदर्शी निर्णय झाला : या उपचाराचा खर्च विम्यातून मिळेल, पण रुग्ण चाचणीत सहभागी असेल तरच. चाचणीबाहेर उपचार करण्याचा मोह त्यामुळे आटोक्यात राहिला. १६ केंद्रांत ५०० रुग्ण; प्रत्येकाची धमनी तुंबल्याची चित्राने खात्री; उपचार सहा तासांच्या आत; बहुतेकांत नवी जाळी. कोणाला नळी आणि कोणाला नेहमीचे उपचार, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलमध्ये निकाल जाहीर झाला : स्वावलंबी रुग्ण ३२.६ विरुद्ध १९.१ टक्के.

१९/२३
त्यानंतर इतर चाचण्यांच्या देखरेख समित्यांनी आपापले आकडे तपासले आणि एकामागून एक चाचण्या मुदतीआधीच थांबल्या. कारण आता लाभ इतका स्पष्ट होता की, अर्ध्या रुग्णांना उपचार नाकारणे अन्यायाचे ठरले असते. कॅनडातील कॅल्गरी येथून भारतीय वंशाचे डॉ. मयंक गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या ३१६ रुग्णांच्या चाचणीत स्वावलंबन २९.३ वरून ५३ टक्क्यांवर गेले आणि मृत्यू १९ वरून १०.४ टक्क्यांवर उतरले. त्यांच्या यशात सीटी स्कॅनपासून वाहिनी उघडेपर्यंतचा वेळ कमी करण्याच्या शिस्तीचा मोठा वाटा होता.

२०/२३
२०१६ मध्ये पाच चाचण्यांतील १,२८७ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला. अपंगत्व मोजण्यासाठी वापरली गेली ती स्कॉटलंडचे डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या श्रेणींची सुधारित मोजपट्टी : ० म्हणजे काहीच लक्षण नाही, ६ म्हणजे मृत्यू. सरासरी २.६ रुग्णांवर उपचार केल्यास एकाचे अपंगत्व निदान एका पायरीने कमी होते, असे दिसले. स्वावलंबी रुग्ण ४६ विरुद्ध २६.५ टक्के. इतका ठळक लाभ देणारे उपचार वैद्यकात मोजकेच आहेत.

२१/२३
आता नाण्याची दुसरी बाजू. याच हिशेबात नळीच्या गटातील सुमारे ७१ टक्के रुग्णांत रक्तप्रवाह नीट सुरू झाला, पण स्वावलंबी झाले ४६ टक्के. गंभीर रक्तस्राव दोन्ही गटांत सारखाच, ४.४ आणि ४.३ टक्के होता. मृत्यूंतील फरकही ठाम म्हणण्याइतका नव्हता. प्रक्रियेचे स्वतःचे धोके आहेतच : तारेने भिंतीला भोक पडणे, धमनीचा आतला थर फाटणे, जांघेत रक्त साकळणे, गुठळीचा तुकडा सुटून निरोगी वाहिनीत जाणे. डच चाचणीत मेंदूच्या दुसऱ्या भागात नवा झटका नळीच्या गटात ५.६ टक्के, तर इतरांत ०.४ टक्के रुग्णांना आला. एकूण जमाखर्च लाभाचाच राहिला. पण खर्चाची बाजू कोरी नव्हती.

२२/२३
पुढे सीमा विस्तारल्या. उपच्छाया शिल्लक असल्याचे चित्रात दिसले, तर ६ ते २४ तासांनंतरही लाभ होतो, हे २०१७ मध्ये कळले : स्वावलंबी ४९ विरुद्ध १३ टक्के. २०२२ मध्ये जपानी चाचणीने मेंदूचा मोठा भाग आधीच मेलेल्या रुग्णांतही लाभ दाखवला; पण मेंदूतील सर्व प्रकारचे रक्तस्राव ३१.४ वरून ५८ टक्क्यांवर गेले. २०२५ मध्ये मात्र लहान-मध्यम धमन्यांतील गुठळ्यांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत लाभ आढळला नाही आणि लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव दुपटीहून अधिक झाला : एकीत २.२ वरून ५.४, दुसरीत २.६ वरून ५.९ टक्के. फोगार्टींचा फुगा मेंदूत का नेता येत नव्हता, याचे उत्तर अरुंद वाहिन्यांनी पुन्हा एकदा दिले.

२३/२३
या इतिहासात उपकरणाची कथा अर्धीच आहे. उरलेली अर्धी, आपल्या लाडक्या कल्पनेला कठोर परीक्षेला बसवण्याची आहे. होनोलुलूचे अपयश नसते, तर चुकीच्या रुग्णावर, चुकीच्या वेळी, जुन्याच तारेने उपचार चालू राहिले असते आणि त्याला प्रगती म्हटले गेले असते. डच लोकांनी शंका राखली नसती, तर खरा लाभ सिद्धच झाला नसता. आजही भारतात अशी केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत आणि उपच्छाया कोणासाठी थांबत नाही. म्हणून तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक घडले, तर ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ हे वाक्य सर्वांत घातक ठरते. वेप्फर यांना जे मृत्यूनंतर दिसले, ते आज मृत्यूपूर्वी दिसते. ते पाहण्याइतक्या वेळात रुग्ण पोहोचला पाहिजे.

समाप्त.